निळी टिपाडं

लेथवर लोखंड थंड राहावं म्हणून पाण्यात तेल कालवून सोडतात, त्याला कुलंट म्हणतात. ताजं असताना ते दुधासारखं दिसतं आणि त्याला साबणासारखा वास येतो. साठून राहिलं की नासतं. मग सडलेली अंडी, आंबलेली फडकी आणि त्याखाली काहीतरी औषधी, असा वास सुटतो. भोसरीला मी पाण्याचे नमुने तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. तिथे वर्कशॉपांतून हे नासलेलं कुलंट बाटल्या भरून येतं, आणि त्या दिवशी मी जेवणाचा डबा उघडत नाही.

माझे सासरे लक्ष्मणराव, त्यांना मी मामा म्हणते. त्यांनी महाळुंग्याला आमच्या बंगल्यामागे हौद बांधून घेतला, एका मंगल कार्यालयात तसा पाहिला होता म्हणून. रंगीत मासे आणले, कमळाच्या कुंड्या आणल्या. कुंड्या तळाशी ठेवल्या, तर पानं पाण्याच्या वर पोचेनात. पिवळी पडून कुजायला लागली. कुंड्यांखाली उंचवटा हवा होता. मामांनी मला विचारलं. मी सांगितलं की शहाबादी फरशीचे तुकडे आणि जुन्या पक्क्या विटा चालतील, विटा आधी चांगल्या भिजवून घेऊ. जस्ताचा पत्रा, तांब्याची तार, रंग दिलेलं लोखंड यांतलं काही नको, माशांना सोसत नाही. मामांना विटा पसंत पडल्या नाहीत. एवढा पैसा घालून कमळं विटांवर ठेवायची म्हणजे गवंड्याने मांडलेली चूल, असं ते म्हणाले.

माझा नवरा रणजीत याच्याकडे एका कंपनीच्या भंगाराचं कॉन्ट्रॅक्ट आहे. इथे ज्यांच्या जमिनी कंपन्यांत गेल्या, त्यांच्यातल्या बऱ्याच घरांकडे असं काही ना काही असतं, आणि मग घरातली प्रत्येक गरज भंगारातून भागते. आमच्या कोंबड्या कंपनीच्या क्रेटमध्ये अंडी घालतात. रणजीतने निळी प्लॅस्टिकची टिपाडं आणली आणि ग्राइंडरने मधोमध कापली. अर्ध्या टिपाडात खडी भरायची, ते हौदात बसवायचं आणि वर कुंडी ठेवायची, असा त्याचा बेत.

मी वाकून आत पाहिलं आणि मान मागे घेतली. आतून बोट फिरवलं तर नखाखाली पांढुरकी, बुळबुळीत साय आली. बोट मी कपड्यालाही पुसू शकले नाही. ही टिपाडं नासलेलं कुलंट भरून ठेवायची आहेत, त्यात जंतू मारायचं औषध असतं, मासे जगणार नाहीत, असं मी सांगितलं. सोडा घालून धुतलीत की, रणजीत म्हणाला. सासूबाई, सोजराबाई, म्हणाल्या की हिला घरात सगळ्याचाच वास येतो.

टिपाडं बसली. दुसऱ्या दिवशी मासे पाण्याच्या वर तोंडं काढून आ वासत होते आणि संध्याकाळपर्यंत मेले. कुणीतरी त्यांच्यावर खाकरून थुंकावं तसा चिकट थर त्यांच्या अंगावर चढला होता. कल्ले उघडून पाहिले तर आतल्या लाल झालरी करड्या पडून एकमेकींना चिकटल्या होत्या. तो चिकटा बोटांत धरला की तार सुटत होती. मामा गुडघ्यावर बसून एकेक मासा हाताने बाहेर काढत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"म्या तुझं ऐकाया पायजे हुतं," ते म्हणाले.

त्यानंतर त्यांनी खरंच ऐकलं. हौद उपसला, घासून घेतला, फरशा आणि विटा मी सांगितल्या तशा रचून घेतल्या. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उडून जावं म्हणून हौद भरून तसाच ठेवला आणि मी होकार दिल्यावरच नवे मासे सोडले. पाहुणे आले की ते हौद दाखवत आणि सूनबाई हो म्हणेपर्यंत पाण्यात काही पडत नाही असं सांगत. मला ते आवडत होतं. टिपाडं कुठे गेली, हे माझ्या मनातही आलं नाही.

बंगल्याच्या बाजूला कामगारांना भाड्याने दिलेल्या आमच्या खोल्या आहेत, सगळ्यांत मिळून एक नळ, सकाळी थोडा वेळ येणारा. पहिल्या खोलीत आम्रपाली राहते. ती हिंगोलीकडची, नवरा प्रितम कंपनीत शिफ्टला. त्यांच्या तान्ह्या मुलीच्या तोंडाभोवती पुरळ उठलंय असं कळलं म्हणून रविवारी सकाळी मी बघायला गेले. नळाजवळ निळी अर्धी टिपाडं ओळीने मांडलेली होती, भरलेली. आम्रपालीने माझ्यासमोर एकात तांब्या बुडवला आणि बाळाची बाटली भरली. पाण्यावर तेलाचे बारीक गोल तरंगत होते. तांब्या पडला तसे ते फाटले आणि पुन्हा जुळले. मी बाटली तिच्या हातातून काढून घेतली.

हे कुठून आलं, असं विचारलं तर मामांनीच दिलं, म्हणाली. आधीचा पत्र्याचा डबा गळत होता.

"वास नाही का येत?"

"येतो की ताई. तुरटी फिरवते मी. प्रितम म्हणतात, दिवसभर कंपनीत हाच वास, घरी बी तोच आला तर ओव्हरटाइम धरून घ्यायचा." ती हसली. मग माझ्या तोंडाकडे पाहून थांबली.

या पाण्याचा थेंबही बाळाच्या तोंडी जाऊ देऊ नकोस, अंगालाही लावू नकोस, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, मग भरू कशात?

मामा हौदाच्या कठड्यावर बसून माशांना खाणं घालत होते. मी सांगितलं की ती टिपाडं आत्ताच्या आत्ता काढायला हवीत, लहान मूल त्यातलं पाणी पितंय. चांगल्या वस्तू फेकायच्या कशा, असं ते म्हणाले.

"मामा, त्यानंच मासे मेले. तुम्ही हातानं काढलेत."

"मासं नाजूक असत्यात," ते म्हणाले. खाण्याचे दाणे ते बोटांत चुरत होते, लहान माशांना गिळता यावेत म्हणून. "माणसाचं तसं न्हाई. आन् ही लोकं तिकडं काय काय पीत असत्याल. त्यांना काय हुतंय."

त्यांचा आवाज चढला नव्हता. दुष्टपणाने बोलले असते तर मला भांडता आलं असतं. हवा कशी आहे ते सांगावं तसं ते बोलले, आणि एक मासा त्यांच्या बोटापाशी आला तेव्हा कौतुकाने हसले. मला त्यांच्या बोटांकडे बघवेना.

रणजीत अजून झोपला होता, त्याला उठवलं. तो म्हणाला मी बघतो, पण तू खोल्यांवर कुणाशी काही बोलू नकोस. ही टिपाडं नष्ट करायला पाठवायची असतात. बाहेर आली कशी, असं कुणी विचारलं तर कॉन्ट्रॅक्ट जाईल. अंधार पडल्यावर हळूच उचलू. मग त्याने कूस बदलली. मी माझ्या बाजूची उशी उचलून खुर्चीवर ठेवली. का, ते मला सांगता येणार नाही. तिचा त्याच्या पाठीला स्पर्श होत होता.

माळ्यावर सासूबाईंची दोन मोठी स्टीलची पिंपं होती, कार्याला काढायची, नाव कोरलेली. मी ती उतरवली आणि घासली. दोन्ही हातांत धरून अंगणातून निघाले तेव्हा सासूबाई ओट्यावर आल्या.

"कुणाला न्हेतीस ती?"

"आम्रपालीला. पाणी भरायला."

त्यांचा चेहरा आक्रसला. ताटात अळी दिसावी तसा. माझाही चेहरा थोड्या वेळापूर्वी असाच झाला असणार.

"त्यांनी हात लावलेली पिंपं परत माझ्या घरात आणू नगंस," त्या म्हणाल्या. खोल्यांपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात.

आम्रपाली दारातच उभी होती, बाळ खांद्यावर. तिच्या दाराच्या चौकटीवर बुद्धाचं चित्र असलेली लहान फरशी बसवलेली आहे. सासूबाई भाडं घ्यायलासुद्धा त्या दारापाशी जात नाहीत, रणजीतला पाठवतात. मी पिंपं खाली ठेवली आणि टिपाडं पायाने कलती केली. पाणी फेस काढत गटारात गेलं. माझ्या तोंडाला पाणी सुटत होतं, ओकारीआधी सुटतं तसं.

आम्रपालीने एका पिंपावर टिचकी मारून बघितली.

"परत न्यायची न्हाईत म्हणल्या ना?" ती म्हणाली.

"हो."

"आमचीच झाली मग. भारी हायेत. झाकणं हायेत का?"

झाकणं आणायला मी परत माळ्यावर चढले. खाली आले तोवर खोल्यांचा नळ गेला होता. मामा हौदात बंगल्याच्या नळाचा पाइप सोडून पाणी वाढवत होते. मी पाइप उचलला आणि ओढत खोल्यांपर्यंत नेला. हौद अजून भरायचाय, असं ते मागून म्हणाले. मी पाइपचं तोंड पिंपात धरलं. आम्रपालीने बाळाची बाटली पाइपखाली विसळली, हुंगली, पुन्हा विसळली.

ओट्यावरून सासूबाईंनी सांगितलं की अंघोळ करून, कपडे बदलूनच स्वयंपाकघरात पाऊल टाक. पहिलं पिंप काठोकाठ आलं होतं. मी पाइप दुसऱ्यात धरला.