लपवलेली भिंत

दुकानात तिला सगळे टेपताई म्हणायचे. पर्समध्ये कंगवा नसेल, पण मोजायची टेप असायचीच. लोकांची स्वयंपाकघरं कॉम्प्युटरवर रचून दाखवायची, हे तिचं काम. खोलीची मापं टाकायची, भिंती उभ्या करायच्या, ओटा बसवायचा, कपाटं एकेक ओढून आणून चिकटवायची आणि शेवटी असं चित्र काढायचं की बघणाऱ्याला आपलं खरं स्वयंपाकघर बघवेनासं व्हावं.

या धंद्यातली एक चलाखी सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. स्वयंपाकघर असतं वीतभर. चित्र काढायला त्यात कॉम्प्युटरमधला कॅमेरा ठेवावा, तर अर्धं कपाट आणि नळाची तोटी एवढंच दिसतं. मग कॅमेरा भिंतीच्या पलीकडे न्यायचा आणि मधली भिंत लपवायची. कॉम्प्युटरवर प्रत्येक भिंतीच्या नावापुढे एक बारीक डोळा असतो. त्यावर टिचकी मारली की डोळा मिटतो आणि भिंत गायब होते. मापात असते, चित्रात नसते. खुराड्याचा दिवाणखाना होतो. मालक म्हणायचा, "टेपताई, गिऱ्हाईक सही करतं ते चित्र बघून." ती हसायची आणि डोळा मिटायची. हजार वेळा तरी मिटला असेल. तेव्हा लाज वाटली नाही. खोटं कशाला सांगा.

आता तिच्या घराचं. तिच्या स्वयंपाकघराला लागून एक अडगळीची खोली होती. सात फूट बाय साडेपाच. दार स्वयंपाकघरातच उघडायचं. दोन वर्षांपूर्वी तिने तिथली मोडके पंखे, रिकामे डबे, कुणीतरी केव्हातरी जपून ठेवलेली सायकलची चाकं काढून टाकली, एक टेबल लावलं, कॉम्प्युटर ठेवला. आठवड्यातले तीन दिवस ती तिथे बसून दुकानाचं काम करायची. संडास सोडला, तर दार लावून एकटीने बसावं अशी सगळ्या घरात तिची तेवढीच जागा होती.

आणि नेमका सासूचा डोळा त्याच खोलीवर. "स्वयंपाकघर मोठं करायचं म्हणताय ना? मग ती भिंत काढा, खोली आत घ्या. तिला काय, पाटीवर लिहायचंय, कुठंही बसेल." सासू कॉम्प्युटरला पाटीच म्हणायची.

"आई, खोली न घेता सगळं बसतं," टेपताई म्हणाली. "मी चित्र काढून दाखवते."

"दाखव," नवरा म्हणाला. "बसलं तर तुझं खरं. खोली तुझी."

तिने तो शब्द धरून ठेवला. आठ दिवस राबली. घरातलं प्रत्येक पातेलं मोजलं. फ्रिजचं दार उघडल्यावर माणूस मागे सरकतो, ती जागासुद्धा मोजली. सासूच्या गुडघ्यांसाठी बसून चिरायची फळी काढली, वापरली की आत ढकलता येणारी. जड डबे खाली, हलके वर. गिऱ्हाइकासाठी इतकं कधी केलं नव्हतं. आणि खरंच बसलं. चमचासुद्धा बाहेर राहिला नाही.

रविवारी सकाळी तिने चित्रं टीव्हीवर लावली. आधी कपाटं, मग ओटा, मग सासूची फळी. सासू "हं, हं" करत होती. शेवटी तिने पूर्ण स्वयंपाकघराचं चित्र लावलं.

सासू उठून टीव्हीजवळ गेली. "अगं बाई! केवढं दिसतंय गं! आपलंच का हे?"

टेपताईला गुदगुल्या झाल्या. एवढ्या वर्षांत सासूच्या तोंडून हे पहिलंच.

"मी काय म्हणत होते?" सासू लेकाकडे वळली. "भिंत काढली की घर कसं श्वास घेतं बघ!"

टेपताईने नीट पाहिलं. कॅमेरा तिच्याच खोलीत होता, तिच्याच खुर्चीच्या जागी. मधली भिंत नव्हती. हाताला इतकी सवय, की डोळा मिटताना तिने विचारच केला नव्हता.

"नाही हो आई, भिंत आहे. मी फक्त लपवलीय. चित्रासाठी." तिने घाईघाईने डोळा उघडला. भिंत खाडकन उभी राहिली. टीव्हीवर अर्धं कपाट आणि नळाची तोटी उरली.

"हे नको बाई. मघाचंच लाव."

"मघाचं खोटं आहे, आई."

"खोटं कसं? तूच काढलंस ना?"

नवरा खो खो हसला. "अगं, इतके दिवस आम्ही बोलून थकलो आणि तूच भिंत काढून दाखवलीस. आता काय राहिलं?"

"मी काढली नाही. लपवली."

"लपवता येते ती पाडताही येते," तो म्हणाला. "आणि तुझा कॉम्प्युटर ओट्याच्या टोकाला ठेवू की. काम करता करता गॅसवरही लक्ष राहील. तुझीच सोय."

तुझीच सोय! बाईला कोंडायचं असलं की घरं हाच शब्द वापरतात. तिने मापं दाखवली, फळी पुन्हा दाखवली, चमच्यांचा खण दाखवला. कुणी बघेना. आणि बघणार नाहीत, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मोठं चित्र एकदा दाखवलं की गिऱ्हाईक लहानावर परत येत नाही. मालकाने पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं.

"तुम्ही म्हणाला होतात, बसलं तर खोली माझी," ती नवऱ्याला म्हणाली.

"अगं, हे त्याहून छान बसतंय ना!"

गुरुवारी सकाळी गवंडी आला. घण, छिन्नी, घमेली घेऊन. नवऱ्याने भिंतीवर खडूने मोठी फुली मारली. गवंडी ओटा झाकून मागे वळतो, तर टेपताई खोलीत जाऊन खुर्चीवर बसलेली. कॉम्प्युटर चालू. कुणाचं तरी स्वयंपाकघर रचत होती.

"ताई, उठा. सुरू करायचंय."

"करा की. मी कुठं अडवतेय?"

गवंडी घुटमळला. "साहेब, विटा पलीकडं पडतात. पलीकडं माणूस असताना मी घण घालत नाही."

"ऊठ गं," नवरा म्हणाला.

"काम चालू आहे."

"लोकांसमोर तमाशा नको."

"मग लोकांना घरी पाठवा."

सासू दारात आली. "अशी किती दिवस बसणार आहेस? जेवायला तरी उठशील ना?"

उत्तर सगळ्यांना माहीत होतं. खोली तिची होती, पण ती खुर्चीवर बसलेली असेपर्यंतच. उठली की घण.

गवंड्याने तासभर वाट पाहिली, दोन कप चहा प्यायला, मग हत्यारं गोळा केली. "साहेब, माझा दिवस गेला. दुसरीकडं काम धरलंय, आता आठ दिवसांनी येईन. तोवर घरातलं घरात मिटवा."

तो गेला आणि नवऱ्याचा चेहरा लाल झाला. परक्या माणसासमोर झालं ना! आपापसात झालं असतं, तर तो विसरलाही असता. "बसायचंय ना तुला? बस," तो म्हणाला, आणि त्याने दार लोटून बाहेरून कडी घातली. मग चपला घालून कामावर निघून गेला.

टेपताई उठली. दार ढकललं. मग आतल्या बाजूने वरपासून खालपर्यंत हात फिरवला. आत कडी नव्हतीच. अडगळीला आतून कडी कशाला असेल? तिने जाऊन कॉम्प्युटरवर बघितलं. चित्रातल्या दाराला कडी होती, छान, आतल्या बाजूने. कॉम्प्युटरमधली तयार दारं तशीच येतात. पातेली मोजली, चमचे मोजले आणि दोन वर्षं ज्या दाराआड स्वतःला मोकळी समजत होती, ते दार कधी बघितलंच नाही.

पलीकडे सासूची पावलं वाजत होती. दारापाशी यायची, थांबायची, परत जायची. टेपताईने हाक मारली नाही. लघवीला लागली, तरी मारली नाही. पाय आवळून, ओठ दाबून बसली. एक वाजता कडी निघाली.

"जेवणाचं काय करायचं?" सासूने विचारलं. दुसरं काही विचारायला नव्हतं तिच्याकडे.

टेपताई तिच्या बाजूने निसटून धावत संडासात गेली. परत आली ती थेट टेबलाच्या खणाकडे. बिजागऱ्यांचे नमुने दाखवायला दुकानाने दिलेला स्क्रूड्रायव्हर तिथे होता. ती बाहेरच्या कडीसमोर उकिडवी बसली आणि पहिला स्क्रू सोडवायला लागली.

"हे काय चाललंय?"

"कडी आत घेतेय."

"आधी जेवणाचं बघ, मग कर काय करायचंय ते."

"आधी हे."

"तो आल्यावर काय सांगू?"

"तुम्ही दोन तास कडीच्या बाहेर होतात, ते सांगा."

सासू नुसतीच भांडी इकडची तिकडे करायला लागली.

चार स्क्रू निघाले. आत तीन बसले. चौथ्याच्या जागी लाकूड भुसभुशीत झालं होतं, स्क्रू धरेना. तिने दोनदा पिळला, मग खिशात टाकला. दार लावलं, कडी घातली, हाताने हलवून पाहिली. खुळखुळत होती, पण होती.

मग ती खुर्चीवर टेकली आणि समोरची भिंत बघत राहिली. फुली पलीकडच्या बाजूला होती, इथून दिसत नव्हती. आठ दिवस होते. आणि बाहेर पडायचं, तर वाट स्वयंपाकघरातूनच होती.

"अगं," भिंतीपलीकडून सासूचा आवाज आला, "गॅस तरी लावून देतेस का?"