माझ्या डिझेलातले पाणी

मी एक जुनी डिझेल पिकअप आहे आणि माझ्याशी कोण कसे वागले ते मी विसरत नाही. मित्रांनो, शाळेत तुम्हांला छत्रीचे, फाटक्या पुस्तकाचे, वठलेल्या झाडाचे आत्मवृत्त लिहायला सांगतात. ती सगळी बिचारी शेवटी सर्वांना माफ करून मोकळी होतात. मी माफ केलेले नाही. ज्याने माझे हाल केले, त्याला मी भर रस्त्यात, भर उन्हात, त्याच्या पांढऱ्याशुभ्र कपड्यांसकट शिक्षा केली. त्या दिवसाची आठवण झाली की आजही माझे इंजिन पहिल्या चावीला सुरू होते. तुमच्यापैकी कोणी पुढेमागे आयुष्यातली पहिली पिकअप घेणार असेल, तर त्याने हे नीट वाचावे.

माझा जन्म पुण्याकडच्या एका कारखान्यात झाला आणि तिथून मी नांदेडच्या एका शोरूमच्या अंगणात येऊन उभी राहिले. मला न्यायला उदगीरहून दोघे आले, शिवमूर्ती आणि त्याची थोरली बहीण नीलम्मा. शिवमूर्ती बोलायला गोड होता. कोणी काही सांगू लागले की अर्धे ऐकून "हाव, हाव" म्हणायची त्याला खोड होती. नीलम्माला तो अक्का म्हणे. तिचा नवरा वारला होता. त्याने उदगीरजवळच्या एका गावात, रस्त्याच्या उतारावर, केसर आंब्याची पंधरा-वीस झाडे लावली होती आणि ती बाग एवढेच तिचे जग उरले होते. पावसाने सलग दगा दिल्यावर चाऱ्याअभावी तिने म्हशी विकल्या आणि आलेले पैसे माझ्यात घातले.

बदल्यात तिने एकच गोष्ट मागितली. दर सोमवारी पाण्याची एक टाकी आंब्याला मिळावी. उन्हाळाभर आठवड्याला एक टाकी मिळाली तर झाडे जगणार होती, नाहीतर चूल पेटवायलाच उपयोगी पडणार होती. शिवमूर्तीने माझ्या बॉनेटवर हात ठेवला.

"अक्का, सोमवारची पैली खेप तुज्या आंब्याची. गाडीच्या कपाळावर नावच तुजं टाकतो की," तो म्हणाला.

तो हात माझ्यावर ठेवून बोलला होता, म्हणून मीही साक्षीदार झाले. उदगीरला गेल्यावर एका पेंटरने माझ्या काचेच्या वर, चांगल्या ऑइलपेंटने, ठसठशीत लाल अक्षरांत 'नीलम्मा' असे लिहिले. मी आरशात बघू शकत नाही, पण समोरून येणारे लोक ते वाचायचे आणि मला मनातून फार बरे वाटायचे.

चावी हातात देताना शोरूमच्या माणसाने पाच गोष्टी समजावून सांगितल्या होत्या. सुरुवातीला पूर्ण लोड टाकू नका. लांबची खेप करून आलात की लगेच चावी बंद करू नका, थोडा वेळ इंजिन नुसते चालू राहू द्या, म्हणजे टर्बो निवतो. क्लचवर पाय ठेवून गाडी चालवू नका. रेडिएटरमध्ये साधे पाणी नको, हिरवे कूलंटच घाला. आणि डॅशबोर्डवर हा पिवळा दिवा लागला तर समजा की डिझेलच्या फिल्टरमध्ये पाणी साठले आहे, खालचा नळ सैल करून ते काढून टाका. मित्रांनो, हे सगळे सांगून होईपर्यंत शिवमूर्ती मोबाइलवर माझे फोटो काढत होता. "हाव, हाव" मात्र प्रत्येक वाक्याला बरोबर पडत होते.

नीलम्माच्या आग्रहाने आम्ही आधी माहूरला गेलो. गड चढताना मी जराही कुरकुर केली नाही. तिथल्या दुकानातून तिने रेणुकामातेच्या मुखाचे एक छोटेसे गोल स्टिकर घेतले आणि गाडीत चांगल्या ठिकाणी लाव म्हणून भावाला दिले. त्याने ते पाकिटात घालून ठेवले. त्या स्टिकरचे पुढे काय झाले ते येईलच.

आता शिवमूर्तीने मला घेतले कशाला, तेही सांगते. त्या काळात उदगीर जिल्हा होणार अशी हवा होती. पानटपरीवर, सलूनमध्ये, लग्नाच्या पंगतीत दुसरा विषय नसे. जिल्हा झाला की लातूरहून कपाटे, टेबले आणि फायलींचे गठ्ठे येणार आणि ते सगळे माझ्या पाठीवरून येणार, असे त्याचे गणित होते. जिल्हा काही आला नाही. दुष्काळ मात्र मुक्कामाला आला. लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले तेच ते साल. मग शिवमूर्तीने माझ्या पाठीवर एक भलीमोठी काळी टाकी बसवली आणि मी पाणी वाहू लागले.

पहिले काही सोमवार त्याने शब्द पाळला. ते दिवस माझ्या आयुष्यातले सोन्याचे दिवस होते. नीलम्मा प्रत्येक झाडाला आळे करून ठेवायची, टाकीच्या तोटीला पाइप जोडायची आणि पाणी उतारावरून आपोआप बागेत जायचे. शेवटी ओंजळभर पाणी ती माझ्या काचेवरही उडवायची.

मग शहरातल्या लॉज आणि मंगल कार्यालयांची मागणी वाढली आणि सोमवारची टाकी तिकडे जाऊ लागली. नीलम्मा बागेलगतच्या फाट्यावर बाभळीखाली पाइप घेऊन उभी असे. शिवमूर्ती वेग कमी न करताच खिडकीतून हात हलवी, उद्याला टाकतो म्हणून ओरडे आणि निघून जाई. तो उद्या कधी उगवलाच नाही. बागेतली दोन झाडे वाळून काटक्या झाली. बाकीच्यांची पानेही गळू लागली. तिच्यासमोरून, तिच्याच म्हशींच्या पैशावर चाललेली मी, पोटभर पाणी घेऊन पुढे जायची. मला त्या माणसाचा इतका राग येई की माझा सायलेन्सर काळा धूर ओकायचा.

माझेही हाल त्याने कमी केले नाहीत. माझ्या ताकदीबाहेर तो टाकी भरी आणि वर चार-दोन ड्रमही ठेवी. माझे स्प्रिंगचे पाटे कण्हू लागले तर म्हणे, आवाज येणारच, नवी गाडी आहे. दोन महिने झाल्यावर म्हणाला, आवाज येणारच, जुनी गाडी आहे. लांबून धापा टाकत आले की लगेच चावी बंद. उतारावरसुद्धा डावा पाय क्लचवर, जणू ते पायपुसणे आहे. एअर फिल्टर धुळीने भरला की भिंतीवर आपटून परत बसवी. पंपावरचे डिझेल सोडून कुठल्याशा गंजक्या ड्रममधले स्वस्त डिझेल तो मला पाजू लागला. हे सगळे मी मनात लिहून ठेवत होते.

पण खरा अपमान पुढेच होता. माझा एक पाइप सैल झाला आणि कूलंट गळून गेले. तुम्हांला ठाऊक असेल, त्या उन्हाळ्यात आमच्याकडे माणसे बाजेवर बसून आंघोळ करत. बाजेखाली परात ठेवत आणि तेच पाणी पुन्हा धुण्याला वापरत. शिवमूर्तीने ते परातीतले पाणी, साबणासकट, माझ्या रेडिएटरमध्ये ओतले. वर बायकोला, महादेवीला, अभिमानाने सांगितले की बघ, थेंब वाया जाऊ दिला नाही. महादेवी म्हणाली, "आवो, गाडीला तरी चांगलं पाणी घाला." त्यावर तो हसला. मित्रांनो, मी रोज पाठीवर टाकीभर गोड पाणी वाहत होते आणि माझ्या स्वतःच्या पोटात या माणसाचे आंघोळीचे पाणी खदखदत होते.

आणि मग तो पिवळा दिवा लागला.

त्या गंजक्या ड्रममधून आलेले पाणी माझ्या फिल्टरमध्ये साठले होते. मी नियमाप्रमाणे सूचना दिली. माझ्या स्वभावात अजून तेवढा प्रामाणिकपणा शिल्लक होता. शिवमूर्तीने दिव्याकडे बघितले. शोरूमच्या माणसाचे अर्धे वाक्य त्याला आठवले आणि तो मोठ्याने म्हणाला,

"सगळ्या लातूर जिल्ह्यात प्यायाला पाणी न्हाई, आन् हिच्या डिझेलात कुठून येईल?"

दिवा डोळ्यांना खुपतो म्हणून त्याने पाकिटातून ते माहूरचे स्टिकर काढले आणि नेमके त्याच्यावर चिकटवले. दिवा काही विझला नाही. देवीच्या मुखामागून मंद पिवळा उजेड येऊ लागला. शिवमूर्तीने तो बघितला आणि स्टिअरिंग सोडून हात जोडले. त्याला वाटले देवी जागृत झाली. तेव्हापासून तो रोज चावी फिरवली की आधी त्या उजेडाच्या पाया पडे आणि मग क्लचवर पाय ठेवी. देवी त्याला जे सांगत होती ते सोडून बाकी सगळे त्याने ऐकले. तेव्हा मी ठरवले की यापुढे सूचना देणे बस झाले. आता फक्त जागा आणि दिवस निवडायचा.

दिवस शिवमूर्तीनेच निवडून दिला. एका सोमवारी उदगीरला जिल्ह्याच्या मागणीसाठी मोठी सभा होती. मैदानावर धूळ उडू नये म्हणून पाणी मारण्याचे काम त्याने स्वतःहून अंगावर घेतले होते, म्हणजे पुढाऱ्यांच्या नजरेत भरता येईल. आदल्या दिवशी त्याने माझ्या कपाळावरचे 'नीलम्मा' पांढरा रंग मारून झाकले आणि त्यावर निळ्या रंगात लिहून घेतले, 'उदगीर जिल्हा झालाच पाहिजे'. पेंटर म्हणाला, रंग हलका आहे, टिकायचा नाही. शिवमूर्ती म्हणाला, सभेपुरता टिकला म्हणजे झाले.

सोमवारी तो कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून बसला. शेजारी गॅरेजवाला शरणप्पा होता, त्याचा मित्र. टाकी काठोकाठ भरली होती. वाटेत शरणप्पाची नजर डॅशबोर्डवर गेली.

"देवीच्या मागं उजेड कशाचा पडायलाय?" त्याने विचारले.

शिवमूर्ती म्हणाला, "जागृत हाय."

शरणप्पा पुढे काही बोलणार एवढ्यात फाटा आला. बाभळीखाली नीलम्मा पाइप घेऊन उभी होती. शिवमूर्तीने खिडकीतून हात बाहेर काढला, आणि मी थांबले. एक आचका, दुसरा आचका, आणि मग चाके बरोबर तिच्यासमोर थंड. हात तसाच वर राहिला.

त्याने चावी फिरवली, परत फिरवली, बॅटरी रडकुंडीला येईपर्यंत फिरवली. मग बॉनेट उघडले. शरणप्पा ओरडला की गरम आहे, झाकणाला हात लावू नको. तोवर याने सवयीने "हाव, हाव" म्हणत फडके धरून रेडिएटरचे झाकण फिरवलेही होते. मित्रांनो, तुम्ही असे कधीही करू नका, माणूस भाजतो. शिवमूर्ती मागे सरकला म्हणून वाचला, पण त्याचे कपडे वाचले नाहीत. माझ्या पोटातला सगळा साबण फेस होऊन उसळला आणि त्याच्या सदऱ्यावर, मिशांवर, खिशावरच्या सभेच्या बिल्ल्यावर जाऊन बसला. गंजाचा तांबूस रंग आणि आंघोळीच्या साबणाचा वास. रस्त्याने सभेला निघालेल्या जीपगाड्या हळू होत होत्या, लोक वाकून बघत होते आणि हसत पुढे जात होते. मला किती आनंद झाला ते कसे सांगू?

शरणप्पाने स्टिकर हलकेच सोडवले, कपाळाला लावले आणि वर काचेवर, देवाच्या जागी, नीट चिकटवले. उघडा पडलेला दिवा बघून त्याने मान हलवली. मग नीलम्माचा तांब्या मागून घेतला, फिल्टरखाली धरला आणि नळ सैल केला. तांब्यात जे पडले ते त्याने शिवमूर्तीच्या नाकाखाली नेले.

"सगळ्या जिल्ह्यात पाणी हुडकायलास न्हवं? हे बघ, तुज्या डिझेलात घावलं."

शिवमूर्तीने मिशांवरचा फेस पुसला. शरणप्पा म्हणाला की नवा फिल्टर आणावा लागेल आणि तोवर गाडी ढकलून बाजूला घ्यावी लागेल. भरल्या टाकीनिशी ती दहा माणसांनाही हलायची नाही, टाकी रिकामी करा. शिवमूर्ती दचकून सभेचे पाणी, सभेचे पाणी म्हणू लागला. तो मागे वळून बघतो तर नीलम्माने पाइप जोडलाही होता. तोटीवर हात ठेवून ती भावाकडे बघत होती.

"सोमवार हाय आज," ती म्हणाली.

आणि तिने तोटी सोडली. उतारावरून पाणी बागेत उतरू लागले, एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात. टाकी हलकी होत गेली तसे माझे पाटे सुटे झाले. सभेच्या मैदानावर त्या दिवशी म्हणे फार धूळ उडाली.

त्यानंतर शिवमूर्तीने एकही सोमवार चुकवला नाही. त्याला वाटते देवीचा कोप झाला होता आणि मी तो समज तसाच राहू दिला आहे. फिल्टर नवा आहे, कूलंट हिरवेगार आहे, शरणप्पा म्हणतो गाडीत काही दोष नाही. तरी सोमवारी फाटा जवळ आला की मी उगाच एकदा खोकते. शिवमूर्ती लगेच वेग कमी करतो आणि गाडी बागेकडे वळवतो. वाळलेली दोन झाडे गेली ती गेलीच, त्यांच्यासाठी माझा खोकला कायमचा आहे. बाकीची जगली आणि आता बहरतात.

म्हणून मित्रांनो, पहिली गाडी घ्याल तेव्हा सांगणाऱ्याचे वाक्य पूर्ण ऐका. दिवा लागला तर त्याच्या पाया पडू नका, तो कशाचा आहे ते बघा. आणि ज्याच्या जिवावर गाडी दारात आली, त्याचे नाव पुसू नका. पुसायचेच असेल तर हलका रंग वापरा, आम्हांला वाट बघता येते. उदगीर अजून जिल्हा झालेला नाही. माझ्या कपाळावरचा पांढरा रंग मात्र उन्हाने पोपडे धरून गळाला, आधी डाव्या बाजूचा. 'उदगीर' गेले आणि त्याखालची लाल अक्षरे वर आली. हल्ली समोरून येणारे लोक मोठ्याने वाचतात, 'नीलम्मा जिल्हा झालाच पाहिजे', आणि शिवमूर्ती ते ऐकत गाडी चालवतो.