गेलेली भाची

भिंगरीनं वीसेक वर्षांनी त्या गल्लीत पाय ठेवला, तेव्हा तिला पहिल्यांदा ओळखलं ते कोपऱ्यावरच्या घड्याळजीनं. डोळ्यावरचं भिंग काढून तो बघतच राहिला.

"तू भिंगरी ना? अगं, तू तर गेलीस म्हणून ऐकलं होतं!"

"गेलेच होते की, काका. पोटापाण्यासाठी," ती हसून म्हणाली. "आता आले."

घड्याळजी हसला नाही. भिंग परत लावून त्यानं एका उघड्या घड्याळात मान खुपसली.

म्हाताऱ्याला आताशा काही सुधरत नसेल, असं मनाशी म्हणत ती जिना चढली. आई वारल्यावर मावशीनं तिला याच घरात आणलं होतं, पोटच्या पोरीसारखं वाढवलं होतं. केस कापायचं काम शिकून ती परगावी गेली, तिथं तिनं स्वतःचं दुकान थाटलं. सुरुवातीला फोन व्हायचे. मग ताई, म्हणजे मावशीची मुलगी, दर वेळी सांगू लागली, "आई झोपलीय." येते म्हटलं की, "आत्ता नको, घरात रंगकाम चाललंय." शेवटी यंदा भिंगरी न कळवताच आली.

दार ताईनं उघडलं. तिची पार रया गेली होती. भिंगरीला आत घ्यायचं सोडून तीच बाहेर आली आणि दार ओढून घेतलं.

"कशाला आलीस?"

"मावशीला भेटायला. हे काय विचारणं झालं, ताई?"

"आईच्या लेखी तू मेलीस. अपघातात. मीच सांगितलं तिला."

भिंगरीनं कठडा धरला.

"डोळे वटारू नकोस. हगणं-मुतणं मी काढायचं, घास मी भरवायचा, आणि तोंडात नाव कुणाचं? भिंगरी कधी येणार, भिंगरी जेवली असेल का! एक दिवस डोकं फिरलं, सांगून टाकलं. खूप रडली. मग गप्प झाली. तेव्हापासून मला हाक मारते."

"एकदा बघू तरी दे."

ताईनं जरा विचार केला. "तिला दिसत नाही आता. केस कापणारी बाई म्हणून चल. नाहीतर उतर खाली."

मावशी खिडकीशी खुर्चीत बसली होती. अंग मुठीएवढं झालेलं, केसांच्या मात्र जटा. भिंगरीनं पर्समधून कात्री काढली. ताई दारात पहारा देत उभी राहिली.

"मान जरा खाली घ्या, आजी," भिंगरी कसंबसं म्हणाली.

एक बाजू कापून होते तोच स्वयंपाकघरात दूध उतू गेलं आणि ताई तिकडे धावली. भिंगरी खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसली.

"मावशी, मी आहे गं. जिवंत आहे. तुझी भिंगरी."

"माहितीये," मावशी पुटपुटली. "आजी म्हणालीस तेव्हाच कळलं. हळू बोल."

"मग अशी काय बसलीस? सांग ना तिला!"

"काय सांगू? ती खोटी पडली की राग कुणावर निघेल? तुझं नाव काढलं की चिमटे घ्यायची. आता नाही घेत."

"माझ्याबरोबर चल. आत्ताच्या आत्ता."

"चार दिवस कौतुक करशील, मग तूही दमशील." मावशीनं चाचपडत तिचा हात शोधला आणि आपल्या खांद्यावरून उचलून बाजूला ठेवला. "तिचं दमणं मला पाठ झालंय. तुझं नव्यानं शिकायला आता त्राण नाही. मेलीस तेच बरं झालं बाई. तशीच राहा. दुसरी बाजू काप."

ताई हात पुसत आली. "काय कुजबुज चाललीय?"

"फार तोंड चालतं या बाईचं," मावशी मोठ्यानं म्हणाली. "पुन्हा बोलवू नकोस हिला."

ताईचा चेहरा फुलला. तिनं पदरानं मावशीची हनुवटी पुसली. भिंगरीनं उरलेले केस कापले, दोन्ही बाजू सारख्या केल्या, जमिनीवरचा ढीग स्वतःच झाडून काढला. दोघींपैकी कुणी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही.

तिच्या पाठीमागे कडी लागली. जिन्यावर उभी असताना आतून ताईचा आवाज आला, "बरे कापले गं केस."

"छे," मावशी म्हणाली. "तुझ्या हाताची सर नाही."