राहणार की जाणार

"काका, राहणार की जाणार? वन वर्ड," इला म्हणाली.

मी रेकॉर्डिंग तिसऱ्यांदा ऐकलं. आधी किल्ल्या खुळखुळल्या, मग दार उघडलं, मग उत्तरा नावाच्या बाईचा आवाज आला, "येते हं."

"'आय ॲम कमिंग' म्हणतेय," मी सांगितलं.

"म्हणजे राहणार." इलाने फॉर्मवर खूण केली. "फ्रायडेला टीम पाठवते."

आमच्या ऑफिसबाहेर दातांच्या विम्याची पाटी आहे. आत आम्ही मेलेल्या माणसांचा बंदोबस्त करतो. कोण गेलं, कोण रेंगाळलं, रेंगाळलेल्याचं काय करायचं, हे सगळं अमेरिकेतल्या हर्नडन गावच्या या दोन मजल्यांवर ठरतं आणि बाहेर कुणाला पत्ता नसतो. जाणार म्हणणाऱ्याला जाऊ देतात, राहणार म्हणणाऱ्याला डब्यात सीलबंद करून तळघरात ठेवतात. तिथून आवाज बाहेर येत नाही आणि पुढची वाटही मिळत नाही. मी इथे अकरा वर्षं मराठीचा दुभाषा आहे. इला माझी साहेब. इथेच जन्मलेली, तिचं मराठी 'भूक लागली'च्या पुढे फारसं जात नाही, त्यामुळे माझ्या शब्दावर तिचा पूर्ण विश्वास.

आणि मी तिला धडधडीत खोटं सांगितलं होतं. घरातून निघताना आपल्यात 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात. शेंबड्या पोरालाही हे कळतं. उत्तरा निरोप घेत होती आणि मला ते पहिल्याच खेपेला समजलं होतं.

का केलं, ते सरळ सांगतो. मी तिच्या नवऱ्यावर, रवींद्रवर जळत होतो.

उत्तरा गेल्या वर्षी टोल रोडवर अपघातात गेली. तेव्हापासून रोज सकाळी सात चाळीसला त्याच्या गराजच्या दारात तिचा आवाज येतो. माझी बायको लतिका चार वर्षांपूर्वी, दोन हजार तीन साली गेली. दिवसभर मी दुसऱ्यांच्या बायका ऐकतो आणि माझ्या घरात चार वर्षांत साधं भांडंही वाजलं नाही. सुरुवातीला मी ऑफिसचं आवाज टिपायचं मशीन गुपचूप घरी नेऊन स्वयंपाकघरात लावलं होतं. फ्रिजची घरघर तेवढी मिळाली. आणि या माणसाला रोज मिळत होतं, तेही कसल्या माणसाला? मुलाखतीत त्यानेच सांगितलं होतं, की उत्तरा निघायची तेव्हा तो पुण्याच्या टीमबरोबर कॉलवर असायचा आणि नुसता हात वर करायचा. तिची त्याच्याकडे पाठ. तो हात बघणार कोण?

पण जळत होतो मी त्याच्यावर आणि डब्यात जाणार होती ती. गुरुवारी सकाळी मी त्याच्या घरी गेलो.

पस्तिशीचा माणूस, दाढी वाढलेली, गळ्यात ऑफिसचं कार्ड. त्याने चहा केला. मी त्याला सगळं सांगितलं, माझा खोटेपणा आणि लतिका गेल्याचंही.

तो चिडला नाही. "पण काका, ती निघालीय, तर जात का नाही?"

"कुणी 'येते' म्हटलं की आपण काय म्हणतो?"

"'ये' म्हणतो."

"तू म्हणालास कधी?"

"कॉल चालू असायचा, काका."

"ती त्यासाठी अडलीय. आज म्हणालास तर मी फॉर्म बदलतो. नाहीतर उद्या टीम येईल."

"म्हणजे मी 'ये' म्हणालो, की ती परत येणार नाही."

"नाही."

त्याने कप खाली ठेवला. "काकू येतात तुमच्याकडे?"

चार वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. "नाही. ऑपरेशनला नेताना स्ट्रेचरवरून म्हणाली, 'येते हं.'"

"आणि तुम्ही?"

"'ये' म्हणालो. नेहमीसारखं."

बोलून गेलो आणि मग माझं मलाच ते कळलं. चार वर्षं मी समजत होतो, की तिला माझी आठवण नाही. बत्तीस वर्षांत मी तिला एकदाही 'ये' म्हटल्याशिवाय जाऊ दिलं नव्हतं. तिला अडायला मीच काही ठेवलं नव्हतं. रवींद्रचा इतका राग आला, की मी चहाचा कप दूर सारला. निष्काळजीपणा करून या माणसाने वर्षभराच्या सकाळी मिळवल्या होत्या.

सात चाळीसला किल्ल्या खुळखुळल्या. दाराची मूठ फिरली. घाईतला, थोडा बसलेला आवाज आला, "येते हं."

रवींद्र दाराकडे दोन पावलं गेला. माझ्या ओठांवर 'ये' हा शब्द अगदी तयार होता. पण मी म्हणून उपयोग नव्हता.

"ये," तो म्हणाला. "ये, उत्तरा. सावकाश चालव."

दार लागलं. आमच्या एकाही रेकॉर्डिंगवर दार लागल्याचा आवाज नाही.

मी फॉर्मवरचं 'राहणार' खोडून 'जाणार' लिहिलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं, दुभाष्याने जाणूनबुजून चुकीचं सांगितलं. इला काय करायचं ते करेल. रवींद्रचा फोन वाजत होता, पुण्याचा कॉल असणार. तो उचलत नव्हता, दाराकडे बघत उभा होता.

मला वाटलं होतं, आता तरी जळफळाट थांबेल. थांबला नाही. त्याला निदान ठाऊक होतं, की हे शेवटचं आहे. मला कुठे ठाऊक होतं? मी 'ये' म्हणालो आणि लतिकाचं स्ट्रेचर वळायच्या आत पार्किंग फुकट मिळावं म्हणून तिकिटावर शिक्का मारून घ्यायला गेलो.