चांदीचं जोडवं काळं पडलं नाही

रझाकारांच्या धामधुमीत साळूबाई कन्नडच्या घाटात लपून राहिली होती. पोटापायी ती अळंबी ओळखायला तिथंच शिकली. पुढं पंचवीस वर्षं गावात कुणीही अळंबी आणली, की टोपली आधी तिच्यापुढं यायची. एवढा मान पाटलिणीलाही नव्हता आणि म्हातारीला तो फार प्यारा होता. म्हणून तर डोळ्यांवर पडदा आल्याचं तिनं सुनेलाही कळू दिलं नव्हतं.

बोटांवर तिचं निभत होतं. वारुळावरच्या चांगल्या अळंबीचं देठ मुळासारखं खोल जातं. विषारीच्या बुडाला वाटी असते. दोन्ही चाचपून कळतं.

त्या श्रावणात सून द्वारकाचा भाऊ बन्सी मुकुंदवाडीहून आला. नीटनेटका शहरी गडी. येताना रानातून टोपलीभर अळंबी विळ्यानं जमिनीलगत कापून, धुऊनच घेऊन आला. साळूबाईनं चाचपली. बूडच नाही! पण पाहुण्यापुढं 'दिसत नाय' म्हणायचं कसं? ती गप्प बसली आणि द्वारकानं तो होकार धरला. वर कालवणात चांदीचं जुनं जोडवं टाकून पाहिलं. ते लख्ख निघालं.

"इख असतं तर काळं पडलं असतं," बन्सी म्हणाला.

ताटं वाढली. नातीनं घास मोडला, तशी साळूबाई उठली. तिनं नातीचं ताट ओढलं अन् सगळं कालवण मोरीत ओतलं.

"माझ्या भावानं आणलं म्हणून व्हय, आत्याबाई?" द्वारकाला रडूच फुटलं.

"नाय गं. चांदीला इख कळत नाय. अन् मला... मला दिसत नाय. दोन सालं झाली."

बोलताना म्हातारीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळी द्वारका रागातच सासूला अन् भावाला घेऊन त्या जागी गेली. कापलेली बुडं मातीतच होती. द्वारका ती खुरप्यानं उकरू लागली. एकामागून एक लांब देठं निघाली.

"बगा, चांगलीच व्हती!"

मग जांभळीखालचं एक बूड निघालं. आखूड, आणि खाली पांढरी वाटी. द्वारकानं खुरपं खाली ठेवलं. तिनं सासूचं बोट धरून त्या वाटीवर टेकवलं.

"हीच का?"

"हीच."

परतताना द्वारकानं सासूचा हात धरला, तो घरापर्यंत सोडला नाही. आणि एवढी मानी म्हातारी, पण तिनंही तो सोडवून घेतला नाही.