चोपन्न पाउंड

"मामा, ह्या खेपेला खरोखरच चोपन्नवर बांध," भिंगरी म्हणाली आणि तिने खोलीचं दार लावून घेतलं.

मामाच्या हातातली तार तशीच लोंबकळत राहिली. रॅकेट यंत्रावर चढवलेली होती, उभ्या तारा ओढून झाल्या होत्या, आडव्या बाकी होत्या. हॉटेलातला पलंग भिंतीकडे सरकवून त्याने नेहमीसारखं आपलं दुकान थाटलं होतं. भाचीच्या टेनिस रॅकेटचं गटिंग, म्हणजे ही तारांची जाळी, दुसऱ्या कुणी बांधलेलं तिला चालत नसे. म्हणून गेली अकरा वर्षं मामा तिच्यामागून देशोदेशी फिरत होता. ओळखीचे म्हणत, मजा आहे बुवा, फुकटात जग पाहता. मामाने जगभरातल्या हॉटेलांचे गालिचे तेवढे पाहिले होते.

"चोपन्नच तर बांधतो," तो म्हणाला.

"सहा वर्षांची असल्यापासून रॅकेट धरतेय मी. मला कळत नाही होय?"

मामाने मान खाली घातली. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, आणि बोलला तेव्हा हे असं अंगाशी आलं.

चोपन्न पाउंडांचा ताण भावोजींनी ठरवलेला. भावोजी म्हणजे भिंगरीचे वडील आणि प्रशिक्षकही. सोळा वर्षांखालचं पहिलं विजेतेपद चोपन्नवर मिळालं, तेव्हापासून तो आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पण गेल्या वर्षी एकदा भिंगरीला पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडेना. तिने बाटली निमूटपणे मामापुढे केली आणि मामा काय ते समजला. तार घट्ट असली की चेंडूचा हिसका थेट मनगटात जातो. त्याने ताण बावन्नवर आणला, मग पन्नासवर, मग अठ्ठेचाळीसवर. रॅकेटला लावायच्या चिठ्ठीवर मात्र इमानेइतबारे चोपन्नच लिहिलं. भावोजी चिठ्ठी वाचून समाधानाने मान डोलवायचे. त्यानंतर भिंगरीने चार स्पर्धा जिंकल्या, आणि मामा मनातल्या मनात स्वतःवरच खूश होता.

"घट्ट बांधलं तर हात जाईल तुझा."

"जाऊ दे ना," ती म्हणाली, खिडकी उघडी राहू दे म्हणावं तसं. "हात गेला तर मला कुणी काही म्हणणार नाही. मी नको म्हटलं तर सगळे म्हणतील. तू सैल बांधतोस ना मामा, म्हणून हे संपतच नाही."

मामाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण पोरीला जपतो आहोत अशी त्याची समजूत होती.

"थांब. मी भावोजींशी बोलतो," तो म्हणाला.

"तू?" तिला हसू आलं. भावोजींपुढे चहात साखर कमी आहे हेसुद्धा मामा कधी बोलला नव्हता.

भावोजी खाली नाश्त्याच्या टेबलावर यादी घेऊन बसले होते. बक्षीस समारंभात वाचून दाखवायची ती यादी. सोळा वर्षांखालील विजेती, अठरा वर्षांखालील विजेती, विसाव्या वर्षी नऊ विजेतेपदं, जागतिक क्रमवारीत अकरावी. नवाच्या जागी दहा लिहिलेला दुसरा कागदही शेजारी तयार होता.

"भावोजी, तिचं मनगट दुखतंय. वर्ष झालं. मी तुमच्यापासून एक गोष्ट..."

"अठ्ठेचाळीसवर बांधता," भावोजी मान वर न करता म्हणाले. "मामा, चेंडूच्या आवाजावरून कळतं हो मला."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तिचा खेळ थांबवावा लागला असता." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "तिला कळत नाही तोवर चाललंय ते ठीक आहे."

"तिलाही कळलंय."

भावोजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. तेवढ्या वेळात ते काहीतरी वेगळं बोलतील असं मामाला वाटून गेलं.

"मग तर लपवाछपवीचा प्रश्नच मिटला," ते म्हणाले. "दोनला अंतिम सामना आहे. एकपर्यंत रॅकेट द्या."

मामा वर आला. भिंगरी यंत्राजवळ जमिनीवर बसली होती.

"काय म्हणाले?"

"एकपर्यंत द्या म्हणाले."

मामा यंत्रापुढे बसला. आकड्याची चकती फिरवायला त्याने हात पुढे केला, पण चोपन्नकडे काही तो वळेना. ज्या हाताला धरून त्याने हिला चालायला शिकवलं होतं, तो हात मोडायचं काम त्याच्याने होणार नव्हतं. त्याने चकती अठ्ठेचाळीसवरच राहू दिली. तिने आकडा पाहिला. ती तारेचं मोकळं टोक गुंतू नये म्हणून हातात धरून बसली. त्याने सामन्यासाठीच्या सहाही रॅकेट्स बांधल्या आणि चिठ्ठ्या कोऱ्याच ठेवल्या.

सामना अडीच तास चालला. ती जिंकली. निवेदकाने भावोजींचा दुसरा कागद वाचायला घेतला, तेव्हा लोक उभे राहिले. भिंगरीने चषक डाव्या हातात घेतला आणि उजवा हात पाठीमागे ठेवला.

"मॅडम, दोन्ही हातांनी धरा," फोटोवाला म्हणाला. "आणि जरा उंच."

तिने प्रेक्षकांत मामाला शोधलं. मग दोन्ही हातांनी चषक डोक्याच्या वर उचलला आणि फोटो नीट येईपर्यंत तसाच धरून हसत राहिली. भावोजी टाळ्या वाजवत होते. मामाही टाळ्या वाजवू लागला.