चौथ्या चित्रातला हात

चर्चच्या फादरना येशूच्या क्रूसाच्या वाटेची, लाकडात कोरून छापलेली चौदा चित्रं हवी होती, प्रत्येकाच्या वीस प्रती. "पण आजच्या काळातली वाटली पाहिजेत," ते म्हणाले. तेरा झाली. चौथं अडलं. त्यात वाटेवर आई मुलाला भेटते.

माझ्या येशूच्या खांद्यावर क्रूस नाही, शिडी आहे. चेहरा माझ्या धाकट्या भावाचा, बोक्याचा. तो घरं रंगवायचा. दोन वर्षांपूर्वी शिडीसकट तिसऱ्या मजल्यावरून पडला आणि गेला. तेव्हापासून आईने त्याचं नाव काढलेलं नाही. चित्रातली आई त्याला हात लावेल की तोंड फिरवेल, मला काही केल्या ठरवता येईना. मी तिच्या बाहीपाशीच थांबले होते. पुढे हाताची जागा न कोरता तशीच ठेवली होती.

त्या दुपारी खिडकीबाहेर धुकं होतं, सगळी खोली त्यात तरंगत असल्यासारखी. दोरीवरचे ओले कागद वारा नसताना हलत होते. मी कोरलेल्या ठोकळ्यावर शाईचा रूळ फिरवला, पहिला छाप काढला आणि कपाळाला हात लावला. तीस वर्षं लाकूड कोरतेय, आणि कागदावर सगळं उलटं उमटतं हेच विसरले होते. बोक्याच्या डाव्या भुवईवरची खूण उजवीकडे गेली होती. स्वतःचाच भयंकर राग आला. तणतणत पुन्हा शाई लावली.

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. छाप लपवायला वेळच मिळाला नाही.

"हा तो नव्हे," ती म्हणाली. "खूण चुकलीय."

मग ती ठोकळ्यावर वाकली. लाकडावर सगळं जागच्या जागी होतं. बाहीच्या पुढे, काळ्या गालावर तिने तळहात टेकवला.

"आई, शाई ओली आहे."

"असू दे." लाकडाच्या खरबरीत रेषा तिच्या हाताला लागत होत्या. "बोक्या, दाढी कर की रे," ती म्हणाली.

मला रडू फुटलं.

एरवी मी शाई पुसून पुन्हा लावली असती. आज तसाच कागद ठेवला आणि छाप उमटायला कागदाच्या पाठीवरून चमचा घासला. उचलला तर बाहीच्या टोकाशी, त्याच्या गालावर, एक फिकट हात उमटला होता. तिने जेवढी शाई उचलली तेवढाच. याच्या वीस प्रती निघणार नाहीत, हे फादरना सांगावं लागेल.

आईने कागद खिडकीपाशी नेला.

"खूण अजून चुकीचीच आहे," ती म्हणाली. पण तिने तो खाली ठेवला नाही, आणि चहा तसाच गार झाला.